ताटाची पाठ

जुनं चिनी मातीचं ताट हातात आलं की मी ते आधी पालथं करते. पुढची फुलं, वेलबुट्टी, सोनेरी काठ हे सगळं नंतर. कारखान्याचा शिक्का पाठीवर असतो. त्याच्याशेजारी कधी गावाचं नाव, कधी एखादं अक्षर आणि आकडा, कधी सोन्याची रेघ ओढणाऱ्या कारागिराची बारीकशी खूण. ताट कुणी केलं, कुठे केलं, साधारण कधी केलं, हे तिथे वाचता येतं. ही सवय मला न्यू जर्सीत लागली. आता देपालपूरच्या आमच्या जुन्या घरात बसून मी तीच नजर इथल्या ताटांवर चालवते आहे.

लग्नानंतर आम्ही बरीच वर्षं एडिसनला होतो. तिथे मराठी माणसांना तोटा नाही. गणपती, दिवाळी अंक, नाटकाचे दौरे, सगळं दाराशी येतं. पण मुलं शाळेत जायला लागल्यावर मी जे काम धरलं, ते ओळखीतल्या कुणी केलेलं नव्हतं. घरातलं म्हातारं माणूस गेलं किंवा वृद्धाश्रमात राहायला गेलं की त्याची मुलं एका कंपनीला बोलावतात. कंपनीची माणसं घरातल्या एकूण एक वस्तूला किमतीची चिठ्ठी लावतात, शनिवार-रविवार घर उघडं ठेवून विक्री करतात, उरलेलं दानाला पाठवतात आणि झाडून-पुसून किल्ली परत देतात. एस्टेट सेल म्हणतात त्याला. माझ्या वाट्याला जेवणघर आलं, कारण चिनी मातीला हात लावायला बाकीचे कचरायचे. मला भीती नव्हती. लोणच्याच्या भरलेल्या बरण्या माळ्यावरून उतरवण्यात माझं लहानपण गेलं होतं.

कामाची रीत ठरलेली होती. ताट घ्यायचं आणि अंगठ्याचं नख काठावरून गोल फिरवायचं. डोळ्याला न दिसणारा टवका नखाला अडतो. मग ताट तीन बोटांवर तोलून काठाला टिचकी मारायची. चांगलं ताट नाद लांब धरतं, केसाएवढा तडा असला तरी बद्द वाजतं. मग दिव्यासमोर धरून मागे हात न्यायचा. बोटांच्या सावल्या पुढून दिसल्या तर ती खरी पोर्सलीन. आयर्नस्टोन म्हणतात त्या जाड भांड्यातून काही दिसत नाही. झिलईवर बारीक जाळी पडली आहे का, सोनं किती झिजलं आहे, सुरीचे ओरखडे मधोमध आहेत की सगळीकडे, हे पाहायचं. सोन्याचा काठ झिलईच्या वर चढवून पुन्हा कमी आचेवर भाजलेला असतो. म्हणून भांडी धुण्याच्या यंत्रातली तिखट पावडर तो हळूहळू खाऊन टाकते. काठ पांढरा पडलेला सेट दिसला की तो यंत्रात गेला होता हे सांगावं लागत नाही. हे सगळं झालं की ताट पालथं करायचं आणि शिक्का वाचायचा.

शिक्के वाचता वाचता एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली आणि मग तिने मला सोडलं नाही. अमेरिकेला स्वतःच्या ताटाची कितीतरी वर्षं लाज वाटत होती.

एडिसनहून ट्रेंटन तासाभराच्याही आत येतं. डेलावेअर नदीवरच्या पुलावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे की ट्रेंटन बनवतं आणि जग घेतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे गाव अमेरिकेच्या चिनी मातीच्या धंद्याचं माहेरघर झालं. पेनसिल्व्हेनियाचा कोळसा कालव्याने दारात येत होता, न्यू जर्सीत माती होती, एका हाताला न्यूयॉर्कची बाजारपेठ, दुसऱ्या हाताला फिलाडेल्फियाची, आणि इंग्लंडच्या स्टॅफर्डशरमधले कसबी कुंभार बोटींनी उतरत होते. भरभराटीच्या काळात तिथे पन्नासच्या घरात कारखाने होते. तरीही त्यांतल्या अनेकांनी आपल्या ताटांच्या पाठीवर इंग्लंडच्या राजचिन्हासारखं चिन्ह छापलं: तोच सिंह, तोच एकशिंगी घोडा. गिऱ्हाईक ताट उलटं करून पाहायचं आणि सिंह-घोडा दिसला की विलायती समजून घ्यायचं. ट्रेंटनच्या भट्टीतलं ताट ट्रेंटनचं आहे हे लपवलं तरच विकलं जाई.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खूप वेळ ते ताट हातात धरून बसले होते. चोरी पकडल्यासारखं काही वाटलं नाही. वाईट वाटलं. ज्याने चाकावर ती माती ओढली, ज्याने भट्टीची आच रात्रभर सांभाळली, त्याच्या हातचा माल त्याच्याच गावात दुसऱ्याच्या नावावर खपत होता.

त्याच काळात ओहायो नदीकाठच्या ईस्ट लिव्हरपूलमध्ये होमर लॉफलिन यांचा कारखाना निघाला, आणि त्यांनी अगदी उलटं केलं. त्यांच्या सुरुवातीच्या शिक्क्यात अमेरिकेचा गरुड इंग्लंडच्या सिंहाला उताणा पाडून त्याच्यावर बसलेला आहे. चित्र भडक आहे, पण मला ते फार आवडतं. माझ्या कपाटात त्या शिक्क्याची एक साधी पांढरी बशी आहे. पुढून पाहिलं तर तिच्यात काहीच नाही. तरी माझ्या लेखी ती माझ्याकडच्या कुठल्याही सोनेरी ताटापेक्षा मोलाची आहे.

खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या घरातही हीच कथा होती. व्हाइट हाउससाठी सामान शक्यतो देशी असावं असा कायदा 1826 मध्येच झाला होता. ताटं मात्र परदेशाहून येत राहिली, कारण त्या दर्जाचा आणि तेवढा मोठा सेट करील असा देशी कारखाना नव्हता. डेव्हिड हॅव्हिलंड हा अमेरिकन व्यापारी तर 1842 मध्ये फ्रान्समधल्या लिमोजला जाऊनच राहिला. अमेरिकन लोकांच्या आवडीची ताटं फ्रेंच मातीत घडवायची आणि अमेरिकेला पाठवायची, हा त्याचा धंदा. लिंकन आणि हेज यांच्या मेजावर हॅव्हिलंडचीच ताटं होती.

ही रीत मोडली ट्रेंटनच्या वॉल्टर स्कॉट लेनॉक्स यांनी. 1889 मध्ये त्यांनी सिरॅमिक आर्ट कंपनी काढली. 1906 मध्ये तिचं नाव लेनॉक्स झालं. पैसे लावणाऱ्यांचा भरवसा इतका कमी होता की धंदा बुडाला तर भाड्याच्या खोल्या करता येतील अशा बेताने इमारत बांधायला लावली, असं सांगतात. काही वर्षांतच लेनॉक्स यांची दृष्टी गेली, पायही गेले. तरी ते कारखान्यात येत राहिले आणि ताटं हाताने चाचपून पारखत राहिले. 1918 मध्ये विल्सन यांच्या व्हाइट हाउससाठी 1,700 नगांचा सेट लेनॉक्सने करून दिला. नक्षी फ्रँक होम्स यांची. अमेरिकेत बनलेला तो व्हाइट हाउसचा पहिला पूर्ण सेट. 1920 मध्ये लेनॉक्स वारले. ते ताट त्यांनी डोळ्यांनी पाहिलं नसेल, पण नखाने काठ नक्की पाहिला असेल, असं मला काम करताना नेहमी वाटायचं.

लेनॉक्सचा शिक्का ओळखायला सोपा आहे. 1953 पर्यंत तो हिरवा असायचा, नंतर सोनेरी झाला. त्याच होम्स यांची ऑटम नावाची नक्षी मी किती जेवणघरांत पाहिली असेल! साईच्या रंगाचं ताट, मधोमध फुलाफळांची परडी, काठावर निळ्या-तांबड्या ठिपक्यांची माळ. न्यू जर्सीच्या मध्यमवर्गीय घरात असा एक सेट असायचाच, आणि तो कसा जमलेला असायचा हे मला एका बाईंनी सांगितलं. ऐंशीच्या पुढच्या होत्या. घर विकून मुलीजवळ राहायला निघाल्या होत्या. लग्न ठरलं की मुलीने दुकानात जाऊन नक्षी निवडायची, दुकानदाराने वहीत नोंदवायची, आणि आत्या-मावश्यांनी, मैत्रिणींनी त्या वहीतून एकेक ताट, एकेक कपबशी आहेर म्हणून घ्यायची. शिकागोच्या मार्शल फील्ड या दुकानाने 1924 मध्ये ही वही सुरू केली असं मानतात. मला आमच्याकडचं रुखवतच आठवलं. फरक एवढाच की आमचं रुखवत लग्नाच्या दिवशी मांडून संपतं, त्यांचं पुढे वीस वर्षं भरत राहायचं. त्या बाईंना प्रत्येक ताट कुणी दिलं ते आठवत होतं. त्या सांगत होत्या, मी चिठ्ठ्या लावायच्या सोडून लिहून घेत होते. माझ्या वहीची सुरुवात तिथे झाली. मुलीला सेट नको होता. तिच्या घरात जेवणघरच नव्हतं.

बहुतेक मुलांना नको असायचा. बारा जणांचा पूर्ण सेट एका पिशवी किराण्याच्या किमतीत गेलेला मी पाहिला आहे. आणि विक्रीला येणारे जाणकार तरी काय शोधायचे? लिमोज. माइसेन. इंग्लिश बोन चायना. सिराक्यूजच्या ओनोंडागा पॉटरीची हॉटेलातली जाड ताटं, बफेलोच्या कारखान्याची रेल्वेची ताटं, लेनॉक्सचे रोजच्या वापरातले सेट शेवटपर्यंत टेबलावर राहायचे. कामावरची आमची मुख्य बाई मला तेव्हा म्हणाली होती की उरलेलं तुला परवडेल, घेऊन जा. अशा तऱ्हेने माझा संग्रह झाला. तो श्रीमंताचा संग्रह नाही. गिऱ्हाइकांनी मागे सोडलेलं, पण ज्याची पाठ मला वाचता आली, ते मी घेतलं.

इथे एका लाल ताटाबद्दल सांगायला हवं. होमर लॉफलिनने 1936 मध्ये फिएस्टा नावाची रंगीत भांडी बाजारात आणली. फ्रेडरिक हर्टन रेड हे त्यांचे रचनाकार. ही पोर्सलीन नव्हे, साधी रंगीत मातीची भांडी. पण त्यांचा तो नारिंगीकडे झुकणारा लाल रंग युरेनियमच्या भस्मातून यायचा. युद्धात सरकारने युरेनियम अणुबाँबसाठी ताब्यात घेतलं आणि लाल ताट बंद झालं. ते जुनं लाल फिएस्टा कुणी विकत घेतलं तर मी आवर्जून सांगायचे: कपाटात ठेवा, त्यात जेवू नका, आंबट तर मुळीच वाढू नका.

पाठीवरचं गावाचं नाव मानाने वाचायला मला शिकवलं ते न्यूअर्कच्या म्युझियमने. जॉन कॉटन डाना यांनी ते 1909 मध्ये उभं केलं आणि पहिल्या दोन-चार वर्षांतच आपल्या राज्यातल्या, देशातल्या हयात कुंभारांचं काम विकत घेऊन काचेच्या कपाटात मांडलं. तेव्हाची बाकीची संग्रहालयं युरोपातल्या राजवाड्यांकडे पाहत होती. पुढे डाना यांनी काही सेंटांत मिळणाऱ्या देखण्या वस्तूंचंही प्रदर्शन भरवलं. सुट्टीच्या दिवशी मी तिथे जायची. लेनॉक्सच्या ताटासमोर उभी राहायची आणि मनात यायचं, आपल्याकडे ग्वाल्हेरच्या कारखान्यात घडलेलं ताट असं कुठे मांडलेलं आहे?

देपालपूर इंदूरपासून 40 किलोमीटरच्या आसपास. तहसील, धान्याची मंडी, मोठा तलाव, चहूकडे सोयाबीन आणि गहू. होळकरांच्या दरबारी चाकरीमुळे इकडे आलेल्या मराठी घरांपैकी आमचं एक. लहानपणी आमच्या स्वयंपाकघरात चिनी माती शिरत नसे. पितळ चिंचेने घासून, राखेने माजून शुद्ध होतं, चिनी मातीला तसा उपाय नाही, असं आजीचं म्हणणं. लोणच्याच्या बरण्या चालत, कारण त्यांना कुणाचं उष्टं लागत नसे. कपबशा ओसरीवरच्या फडताळात, बाहेरून येणाऱ्यांसाठी. पुण्यात 1890 च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसकट किती जणांवर धर्माच्या कचेरीत वाद चालला, ते प्रकरण प्रसिद्ध आहे. आमच्या घरी तो वाद शंभर वर्षांनंतरही फडताळाच्या जागेत शिल्लक होता. आजीला मी दोष देत नाही. पण त्या कपांच्या पाठी आम्ही कधीच पाहिल्या नाहीत, कारण ते आपले नव्हतेच.

इंदूरच्या राजघराण्याचीही नजर बाहेरच होती. तुकोजीराव होळकर तिसरे यांनी 1928 मध्ये बडवाहला सिअ‍ॅटलच्या नॅन्सी मिलर यांच्याशी लग्न केलं. त्या शर्मिष्ठादेवी झाल्या. त्यांचे चिरंजीव यशवंतराव यांनी माणिकबाग राजवाडा बांधून घेतला तो जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियस यांच्याकडून, आणि चांदीची भांडी पॅरिसच्या ज्याँ प्युइफोर्का यांची. 1980 मध्ये त्यातलं फर्निचर मोनॅकोत लिलावात गेलं आणि जगभरच्या संग्राहकांनी ते उचललं. माणिकबाग सुंदर होता यात शंका नाही. पण त्याच वर्षांत याच देशात कुणीतरी देशी ताट घडवायला धडपडत होतं, त्याची आठवण कुणाला आहे? ग्वाल्हेर पॉटरीज होती. कलकत्त्याला बंगाल पॉटरीज होती. आणि परशुराम गणपुले हा मराठी माणूस सौराष्ट्रात जाऊन थानगढ, वांकानेर, मोरबीला चिनी मातीचे कारखाने उभे करत होता. आज मोरबीच्या फरश्या अमेरिकेतल्या घरांत बसतात. ट्रेंटननेही व्हाइट हाउसच्या ताटांबरोबर अमेरिकेतल्या कितीतरी घरांचे संडास आणि बेसिनं घडवली होती. मोरबीचंही तेच चाललं आहे. गणपुल्यांचं नाव मात्र तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्याइतकंही आमच्या पाठ्यपुस्तकांत आलं नाही.

यजमान निवृत्त झाल्यावर आम्ही देपालपूरला परतलो. संग्रहातला निवडक भाग बोटीने आणला. इथे पहिली अडचण काळ्या मातीची. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात तडकते, आणि तिच्याबरोबर घराच्या भिंती हलतात. भिंतीत ठोकलेली फळी दोन वर्षांत तिरकी होते. इथल्या सुताराने जमिनीवर उभं राहणारं सागवानी कपाट केलं, चारी पायांखाली खाली-वर करता येतील असे स्क्रू बसवले, आणि प्रत्येक फळीच्या पुढे बोटभर उंचीची पट्टी मारली. दर पावसाळ्यानंतर पाणसळ ठेवून मी ते पाय पुन्हा सारखे करते. ताटांच्या मध्ये जुन्या सुती साड्यांचे गोल कापून घातले आहेत. गव्हाची कापणी चालू असताना सगळं कपाट चादरीने झाकावं लागतं. भुशाची धूळ झिलईवर चिकटली की ओल्या फडक्याने पुसताना ओरखडे उठतात.

बघायला येणाऱ्या बायका एकच विचारायच्या, "काकू, यात जेवता का तुम्ही?" जेवतो. रविवारी दाल-बाफले लेनॉक्समध्ये वाढते आणि ताटं हाताने धुते. जाऊबाईंना सुरुवातीला ते रुचलं नाही. आता पाहुणे आले की त्याच आठवण करून देतात, "अगं, ती परडीवाली ताटं काढ."

मग मी इंदूरच्या अटाल्याकडे, म्हणजे भंगाराकडे, वळले. जुन्या बाजारात अटालेवाले चिनी माती वेगळी काढत नाहीत. लोखंड आणि पितळेला वजनाने भाव असतो, ताटं खाली पोत्यात. मी त्यांना सांगून ठेवलं की फुटकं असलं तरी पाठीवर काही छापलेलं दिसलं तर ठेवा. आता त्यांतला एक जण फोन करतो, "काकीजी, पीछे कुछ लिखा है, आ जाओ." त्या पोत्यांतून ग्वाल्हेरच्या बशा निघाल्या. रेल्वेच्या उपाहारगृहातल्या जाड कपबशा निघाल्या. आणि एकदा अमेरिकन सैन्याच्या वैद्यकीय विभागाचं चिन्ह असलेलं, पेनसिल्व्हेनियात घडलेलं ताट निघालं. 1945 नंतर अमेरिकन सैन्याने हिंदुस्थानात मागे ठेवलेला माल डिस्पोजलमध्ये विकला गेला आणि देशभर पसरला, त्यातलंच हे. ते मी घेतलं, पण त्या दिवशी मला जास्त आनंद झाला तो त्याच पोत्यातल्या एका टवके उडालेल्या ग्वाल्हेरच्या बशीचा. अमेरिकन ताटाचं साल सांगणारी पुस्तकं माझ्या फळीवर आहेत. लेनॉक्सचा हिरवा शिक्का, सिराक्यूजची अक्षरं आणि आकडे, होमर लॉफलिनच्या खुणा, सगळं कुणीतरी बसून नोंदवलेलं आहे. उत्तर कॅरोलायनात तर एक कंपनी बंद पडलेल्या नक्षींची सुटी ताटं साठवूनच चालते. ग्वाल्हेरच्या बशीसाठी अशी एक ओळ हाताशी नाही.

ज्या कारखान्यांची इतकी नोंद आहे, तेही गेले. सिराक्यूज 2009 मध्ये बंद झालं. लेनॉक्सने अमेरिकेतला शेवटचा कारखाना 2020 मध्ये बंद केला. पण त्यांची नोंद राहिली. आपल्याकडे कारखाना जातो तेव्हा त्याची वहीसुद्धा रद्दीत जाते. म्हणून त्या ऐंशीच्या पुढच्या बाईंपाशी सुरू झालेली माझी वही आता देपालपुरात देशी शिक्क्यांसाठी चालू आहे. शिक्क्याचं चित्र हाताने काढायचं, रंग लिहायचा, ताटाचा व्यास, बशीखालच्या कड्याची जाडी, कुणाच्या घरातून आलं आणि त्या घरात ते कधी आलं असं सांगतात. लग्न, बदली, शेत विकलं ते वर्ष, असं काहीतरी घरच्यांना आठवतंच. तेवढ्यावरून एका शिक्क्याच्या दोन तऱ्हांपैकी आधीची कोणती हे कळायला लागलं आहे.

इंदूर, उज्जैन, धार, देवास, किंवा पुण्या-नाशकात कुणाच्या माळ्यावर जुनी देशी चिनी माती असेल तर ती राखेने वा तारेच्या घासणीने घासू नका, आणि तुटलेला कान झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडू नका. तो गोंद पिवळा पडतो आणि पुढे नीट सांधता येत नाही. कोमट पाण्यात भिजवून मऊ फडक्याने पुसा. पालथं करून खिडकीच्या उजेडात फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा. आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला ते कुठून आलं हे आजच विचारून मागच्या बाजूला पेन्सिलने नव्हे, वेगळ्या कागदावर लिहून ताटाखाली ठेवा.